समाजशास्त्र : अनुभवाकडून अभ्यासाकडे

बारावीनंतर आपली मुले कला शाखेत समाजशास्त्र घेतात, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न निघतो : "हे शिकून पुढे काय?" विषय सोपा आहे, गाईड पाठ केले की उत्तीर्ण होता येते, असा समजही जळगाव-धुळ्याकडे रूढ आहे. आपल्या समाजाला हा समज महाग पडतो, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वर्षात समूह, दर्जा, भूमिका, सामाजीकरण, स्तरीकरण या संकल्पना येतात. व्याख्या म्हणून त्या कोरड्या वाटतात. परंतु आपल्या वसतिगृहातच त्यांची उदाहरणे आहेत. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारे मूल येथे घंटेवर उठायला, पंगतीत बसायला, वर्गात प्रमाण मराठी बोलायला शिकते, हे सामाजीकरण. जन्माने चिकटतो तो अर्पित दर्जा आणि प्रयत्नाने मिळतो तो अर्जित दर्जा. हा भेद आपल्या माजी विद्यार्थ्यांनी पुस्तकाआधीच जगून पाहिला आहे.

मात्र अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. अनुभवाला प्रश्न विचारावे लागतात, त्याची इतरांच्या अनुभवाशी तुलना करावी लागते. याचा आदर्श परमपूज्य बाबासाहेबांनी घालून दिला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. जातीचे चटके त्यांनी सोसले होते. तरी निबंधात स्वतःची कहाणी सांगितली नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. जातीतच विवाह करण्याचे बंधन, म्हणजे अंतर्विवाह, हे जातीचे मूळ लक्षण म्हणून निवडले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली ते बंधन कसे टिकवतात, हे उलगडून दाखविले. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, हा त्यांचा निष्कर्ष आजही अभ्यासिला जातो.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने आपण जात नाकारली. मग सोयरीक जुळविताना पूर्वीची जात, पोटजात विचारली जाते का? वधू-वर परिचय मेळाव्यात कोणत्या मर्यादा न बोलता पाळल्या जातात? प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने आपल्याच नात्यातील तीन पिढ्यांचे विवाह वहीत मांडले, तरी उत्तराची दिशा दिसेल. ते उत्तर अप्रिय असेल तरी ते दडवू नये. केवळ परंपरा सांगते म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. समाजशास्त्राची वृत्ती याहून वेगळी नाही.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. हा विषय घेऊन समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते, अध्यापनाकडे वळता येते; संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तो वैकल्पिक विषय आहे. परंतु याहून मोठा लाभ असा, की दारिद्र्य, स्थलांतर, शाळागळती यांना नशीब न म्हणता त्यांची कारणे शोधण्याची सवय लागते. ज्यांच्याविषयी आजवर इतरांनी लिहिले, त्यांच्या मुलांनी आता स्वतः अभ्यासून लिहावे, हीच आमची अपेक्षा आहे.