पिनेची वर्दी आणि बदललेला क्रमांक

छत्रपति संभाजीनगरजवळील वाळूज येथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथील एखाद्या प्रेसवर रास्पबेरी पायची लहानशी पाटी बसवून सुट्या भागांची मोजणी करावयाची आहे, असें समजूं. प्रत्येक ठोक्यास संवेदकाकडून जीपीआयओ १७ या पिनेवर विजेचा एक स्पंद येतो. मजुरी नगावर ठरलेली असेल, तर हुकलेला स्पंद म्हणजे कामगाराचा बुडालेला पैसा.

हा स्पंद सामान्य प्रोग्रॅमच्या कानीं थेट पडत नाहीं. शहरांतील पाणचक्कीवर दळणाऱ्यास डोंगराकडून येणारी नहर दिसत नसे. चक्रावर पाणी पडलें कीं त्याचें भागे. तसेंच येथें आहे. पिनेवरील चढउतारानें उठणारा व्यत्यय, म्हणजे इंटरप्ट, घेण्याचा अधिकार लिनक्सच्या कर्नलचा. प्रोग्रॅमनें देवडीवर वर्दी मागून ठेवावयाची व ती येईपर्यंत स्वस्थ झोंपावयाचें. दर क्षणीं पिन तपासत बसण्यापेक्षां हें खचित बरें. तशा तपासणींत प्रोसेसर व्यर्थ शिणतो, आणि आंखूड स्पंद निसटतो तो निसटतोच.

पूर्वीं ही वर्दी सिसएफएस या फायलींच्या मांडणींतून मागत. तींत प्रत्येक पिनेस एक सरसकट क्रमांक असे. मात्र तो कायम राहील, असें वचन कोणी दिलेलें नव्हतें. २०२४ सालीं रास्पबेरी पायच्या प्रणालींत ६.६ कर्नल आला आणि मोजणी शून्याऐवजीं ५१२ पासून सुरू झाली. चौथ्या रास्पबेरी पायवर १७ ची पिन ५२९ झाली. आरपीआय.जीपीआयओ ही लोकप्रिय लायब्ररी जुनाच क्रमांक मागत राहिली व नकार घेऊन परतली. ज्या प्रोग्रॅमांनीं ती त्रुटि मुकाट्यानें गिळली, ते सर्वांत घातक. प्रेस धडधडत असते आणि पडद्यावर शून्य.

२०१६ सालच्या ४.८ कर्नलपासून दुसरा मार्ग उपलब्ध आहे. त्यांत प्रत्येक चिपची स्वतंत्र फाइल असते व पिन त्या चिपवरील स्थानानें ओळखली जाते. सरसकट क्रमांकाचें कामच उरत नाहीं. प्रत्येक वर्दीवर कर्नल वेळेचा शिक्का मारून ती रांगेंत ठेवतो. ही रांग मर्यादित असल्यानें प्रोग्रॅम फार रेंगाळल्यास कांहीं वर्द्या गळतात. ५.१० पासूनच्या सुधारित पद्धतींत मात्र प्रत्येक वर्दीस अनुक्रमांक असतो. चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस आला, तर दोन नग मोजावयाचे राहिले हें कळतें आणि ते मजुरींत भरतां येतात.

या मार्गासाठीं लिबजीपीआयओडी ही लायब्ररी आहे. पण २०२३ सालच्या तिच्या २.० आवृत्तींत पहिल्या आवृत्तीसाठीं लिहिलेले प्रोग्रॅम चालत नाहींत. ज्यांना जुना पायथन प्रोग्रॅम नव्यानें लिहावयाचा नाहीं, त्यांच्यासाठीं आरपीआय-एलजीपीआयओ आहे. तिनें जुनींच फंक्शनें ठेवून आंतील यंत्रणा तेवढी बदलली आहे.