नवजात अर्भकाची शुश्रूषा कोण करते?

रुग्णालयात जन्मलेल्या अर्भकाची काळजी कोण घेते, असे विचारताच बहुतेक विद्यार्थी ‘डॉक्टर’ असे उत्तर देतात. ते असत्य नाही, परंतु अपुरे आहे. डॉक्टर अर्भकास तपासतात, उपचार ठरवितात आणि पुढील खाटेकडे वळतात. मग अष्टौप्रहर त्या जीवाकडे कोण पाहते?

आमची भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. येथे परप्रांतांतून आलेली कुटुंबे पुष्कळ. बाळंतिणीच्या उशाशी तिची आई वा सासू असेलच असे नाही. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी तिला पहिला आधार परिचारिकेचा, म्हणजे सिस्टरांचा. जन्मताच बाळास कोरडे करून आईच्या उराशी देणे, तासाभरात अंगावर पाजविणे, वजन करणे, नाळ कोरडी राखणे, क्षयाची व काविळीची लस टोचणे, पोलिओचे थेंब पाजणे, ही सर्व कामे प्रायः त्यांचीच. श्वास वा वर्ण बदललेला प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतो.

तथापि एका सिस्टरकडे अनेक बाळे असतात. आईकडे मात्र एकच. हे तत्त्व मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आचरणात आणिले. परिचारिका थोड्या, म्हणून त्यांनी आयांनाच नवजात कक्षात घेऊन शुश्रूषा शिकविली व मातेच्या दुधावर भर दिला. तेथेच १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली.

आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे निघाली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर तिची परीक्षा झाली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. जन्मताच आईच्या उराशी दिलेल्यांपैकी २८ दिवसांत शेकडा १२ दगावली, तर प्रकृती स्थिरावेपर्यंत वेगळी ठेविलेल्यांपैकी शेकडा १५.७. अर्थात, आई ही केवळ भेटीस येणारी नव्हे, तर शुश्रूषेचा कणाच होय.

बाळ घरी गेल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येऊन पाहतात. मधल्या दिवसांचे काय? ते दिवस घरच्या माणसांचे. विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरी नवे भावंड आले, तर साबणाने हात धुतल्यावाचून त्यास घेऊ नका. मध वा घुटी कोणी चाटवू लागल्यास नम्रपणे थांबवा. ते दूध ओढीनासे झाले, अंग तापले वा गार पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावयास सांगा. आणि पाण्याची कळशी तुम्ही उचला. तेवढाच वेळ आईस बाळाजवळ मिळेल. ही देखील शुश्रूषाच होय.