दीड मिनिटाचं पाणी

तारकर्लीच्या वाळूत त्या संध्याकाळी पाय टेकायला जागा नव्हती. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन. मालवणच्या समुद्रात युद्धनौका उभ्या होत्या आणि किनाऱ्यावर पंचक्रोशीतली गावंच्या गावं लोटली होती. मिग-२९के आली तेव्हा आधी विमान दिसलं, मग आवाज आला, मग छातीत धडधडलं. पोरांनी कान झाकले. ज्याची त्याची मान वर, मोबाइल वर.

थोड्या वेळाने एक हेलिकॉप्टर पाण्यावर एका जागी थांबलं आणि गर्दीतल्या एका म्हाताऱ्या माणसाने मान खाली घातली. तो मनगटावरचं घड्याळ बघत होता. हेलिकॉप्टर हललं तशी त्याने मान उचलली. शेजारचे आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर तो हसला. "हेका पाणी लागत नाय," तो म्हणाला, "पण सवय जायत नाय. दीड मिनिट."

कसलं पाणी आणि कसलं दीड मिनिट, हे त्या गलक्यात विचारण्याची सोय नव्हती. फोन नंबर तेवढा घेता आला. उलगडा झाला तो पुढच्या ऑक्टोबरात, गोव्यात.

दाबोळी विमानतळापासून जवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झालं. तिथे त्या दिवशी सहाजण जमले होते. त्यांची संस्था नाही, वर्गणी नाही. पुण्याचा एक बँकेतला तरुण, जो विमानांचे शेपटीवरचे क्रमांक वहीत उतरवून घेतो. मुंबईचे एक निवृत्त शिक्षक. विमानांच्या प्रतिकृती बनवणारे पणजीचे दोघे भाऊ, एक फोटोग्राफर आणि तारकर्लीचे हे काका. बाकीचे पाचजण विमानांचे शौकीन. काकांनी मात्र नौदलातल्या नोकरीची बहुतेक वर्षं सी हॅरियर विमानांना खाऊ-पिऊ घालण्यात काढलेली. एका कानाने त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात. तो कान जहाजाच्या डेकवरच गेला.

सगळे थेट सी हॅरियरपाशी गेले नाहीत. आधी सी हॉक. या विमानाच्या दुमडणाऱ्या पंखांपाशी शिक्षक बराच वेळ उभे राहिले. १८ मे १९६१ रोजी ताहिलियानी नावाच्या तरुण अधिकाऱ्याने विक्रांत या विमानवाहू जहाजावर पहिलं जेट विमान उतरवलं, ते सी हॉकच. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. ४ डिसेंबर १९७१ला याच जातीच्या विमानांनी विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. "चारातल्या तीन बॉयलरांवर लढलं ते जहाज," शिक्षक म्हणाले. हे वाक्य त्यांनी दिवसभरात तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा त्यांचा आवाज तसाच भरून आला.

मग सुपर कॉन्स्टेलेशन. तीन शेपट्या, चार इंजिनं, माशासारखं वाकलेलं अंग. एअर इंडियात असताना हिचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी. प्रवासी नेता नेता ती हवाई दलात गेली, तिथून नौदलात आली आणि समुद्रावर गस्त घालून इथे विसावली. वहीवाल्या तरुणाने क्रमांक न बघताच सांगितला.

काका या सगळ्यात मागे होते. सी हॅरियर समोर आल्यावर ते पुढे झाले.

विमान लहानखुरं आहे. फोटोत भासतं त्याहून बरंच लहान. पोटाखाली पुढे-मागे मुख्य चाकं आणि पंखांच्या टोकांना दोन बारीक चाकं, म्हातारीने दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात तशी. दोन्ही बगलांना दोन-दोन वळती तोंडं. काकांनी मागच्या तोंडाच्या कडेवर तळवा ठेवला, आत बोटं फिरवली आणि ती नाकाशी नेली. "रॉकेलचो वास व्हतो हेका," ते म्हणाले. "दोन दोन दिस अंगाचो जाय नाय. घरात बायको म्हणा, आधी न्हाव, मगे जेव." आता बोटांना फक्त रंगाचा वास होता.

दीड मिनिटाची गोष्ट या चार तोंडांशी बांधलेली आहे. सी हॅरियरला इंजिन एकच, पेगासस नावाचं. त्याचा सगळा झोत या चार तोंडांतून बाहेर पडतो. तोंडं मागे वळवली की विमान पुढे धावतं, खाली वळवली की ते जागच्या जागी तरंगतं. तरंगताना पंखांचा उपयोग नसतो, सगळं वजन त्या झोतावर पेललेलं असतं. आपल्याकडच्या उकाड्यात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि टर्बाइन मात्र जास्त तापतं. म्हणून इंजिनात पाण्याचा फवारा सोडतात. पाण्याने टर्बाइन आवाक्यात राहतं आणि तेवढ्या वेळापुरतं इंजिन आणखी जोरात फिरवता येतं. टाकीत सुमारे २२७ लिटर पाणी मावतं. ते पुरतं दीड मिनिट.

ते पाणी भरणं हे काकांच्या अनेक कामांपैकी एक. नळी जोडायची, टाकी भरायची, झाकण बसवून पुन्हा तपासायचं, नोंद करायची. पाणी नळाचं चालत नाही. त्यातले क्षार पात्यांवर बसतात. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तसं डिस्टिल्ड पाणी लागतं. "जहाजार आमका आंघोळीचा पाणी मोजून," काका म्हणाले. "इमानाक मात्र कमी पडता नये."

शिक्षकांनी मग स्वतःची एक आठवण सांगितली. ते तरुण असताना नौदल सप्ताहात मुंबईच्या किनाऱ्यावर त्यांनी सी हॅरियर पाहिलं होतं. समुद्रावर येऊन ते थबकलं, खालचं पाणी धुक्यासारखं उडालं आणि विमानाने नाक खाली करून लोकांना नमस्कार केला. हॅरियर उडवणाऱ्यांची ही परदेशांतल्या एअर शोमधलीही जुनी रीत. शिक्षक सांगत होते की शेजारच्या एका बाईंनी विमानाला परत हात जोडले होते. सांगता सांगता त्यांनी स्वतः हात जोडले.

"लोका म्हणत, इमान हवेत उभा रवला," काका म्हणाले. "हवेत खयचा? पाण्यार उभा होता ता. तुमका नमस्कार दिसता, मिया खालसून सेकंद मोजी. पाणी उतरत असता मा!"

एअर शोच्या निवेदनात वैमानिकाचं नाव येतं, विमानाचा वेग येतो, उंची येते. ते यायलाच हवं. त्या आसनावर बसण्याची हिंमत थोड्यांची. पण टाकी कोणी भरली, हे कोणी सांगत नाही. बोगमाळोच्या त्या अंगणात हे फार प्रकर्षाने जाणवलं, कारण पाच शौकिनांना त्या विमानाबद्दल जे जे ठाऊक होतं ते सगळं वाचलेलं किंवा लांबून पाहिलेलं होतं आणि सहाव्या माणसाचे हात त्याच्या आत जाऊन आलेले होते. वहीवाल्या तरुणाला ते सर्वांत आधी कळलं असावं. त्याने क्रमांकांचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर काका बोलतील ते जसंच्या तसं, मालवणीतच, लिहायला घेतलं.

पहिली तीन सी हॅरियर १६ डिसेंबर १९८३ रोजी ब्रिटनहून टप्प्याटप्प्याने उडत इथेच, दाबोळीला उतरली. स्क्वाड्रन होतं ३०० क्रमांकाचं, 'व्हाइट टायगर्स', आधी सी हॉक उडवणारं. नेतृत्व होतं अरुण प्रकाश यांच्याकडे. हेसुद्धा पुढे नौदलप्रमुख झाले. विमानांनी आधी विक्रांतवर आणि १९८७नंतर विराटवर दिवस काढले. ११ मे २०१६ला दाबोळीलाच त्यांचा निरोपसमारंभ झाला आणि त्याच स्क्वाड्रनकडे मिग-२९के आली. काका तोवर निवृत्त होऊन गावी आंब्याची कलमं बघत होते. निरोप त्यांनी टीव्हीवर पाहिला.

या तेहतीस वर्षांत अपघातांत अनेक विमानं गेली, काही वैमानिक गेले. तो विषय निघाला तेव्हा काका विमानापासून दोन पावलं मागे सरले आणि टोपी काढून हातात धरली. "सकाळी शिडी लावून बसवलेलो माणूस," एवढंच ते म्हणाले. पुढे कोणी काही विचारलं नाही.

जहाजं तर उरलीच नाहीत. विक्रांत १९९७ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली आणि अखेर तिथल्याच दारूखाना भागात तोडली गेली. विराट २०१७ला निवृत्त झाली, तिचा शेवट अलंगला. ज्या डेकवर काकांनी नळ्या ओढल्या त्याची आता फुटभर जागाही नाही. काकांसारख्या माणसांना स्वतःचं आयुष्य हाताने शिवून बघायचं असेल तर ही विमानंच आहेत. बोगमाळोची हवा खारी. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही, ते पांढरी भुकटी धरतं. खिळ्यांच्या रांगेत, सांध्यात, रंगाचा पोपडा उठलेल्या जागी. पावसाळ्यानंतर तर अधिकच. उघड्यावरचं प्रत्येक जुनं लढाऊ विमान छपराखाली यायला हवं, तेही ज्यांनी ते खोललं-जोडलं ती माणसं हयात आहेत तोवर, कारण कुठला सांधा आधी कुजतो हे त्यांना कागद न बघता सांगता येतं. काकांनी त्या दिवशी तीन जागा बोटाने दाखवल्या.

निघायच्या आधी तरुणाने विचारलं, "काका, विराटवर उतरायला नक्की किती वेळ लागायचा?"

काकांनी त्याच्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं. स्टॉपवॉच लाव, म्हणाले. मग उजवा हात छातीसमोर आडवा धरला, ते जहाज. डावा हात मागून आणला. "चालू कर."

हात सावकाश पुढे येत राहिला आणि उजव्या हाताच्या डाव्या अंगाला, त्याच्या बरोबरीने येऊन थांबला. जहाज चाललेलं, विमान त्याच्याच वेगाने शेजारी तरंगणारं. काकांचे ओठ हलत होते, आकडे ऐकू येत नव्हते. बोटांना बारीक कंप होता. तो वयाचा की त्यांनी मुद्दाम आणलेला, कळायला मार्ग नव्हता. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला आणि तसाच खाली ठेवला. डावा हात आडवा सरकत उजव्या हाताच्या वर आला, क्षणभर तिथेच राहिला आणि खाली बसला.

"बंद कर."

एक मिनिट अकरा सेकंद.

"एकोणीस सेकंदाचा पाणी उरला," काका म्हणाले आणि त्यांनी हात खाली सोडले.