गिटारवर हात वेगाने कसा चालेल?

आपल्या आदिलाबाद जिल्ह्याला तंतुवाद्य नवीन नाही. परधान आणि तोटी कलावंत पिढ्यान्‌पिढ्या किकरीच्या साथीने गोंडांच्या कथा गात आले आहेत. पण किकरी गजाने वाजते आणि गिटार पिकने छेडायची असते. माझ्या ओळखीतले बहुतेक जण ती मोबाइलवर बघूनच शिकतात. पडद्यावर बोटं धावताना दिसतात, त्यामागची शिस्त दिसत नाही. मग पहिल्याच आठवड्यात तसं वाजवायला जायचं, मनगट दुखवून घ्यायचं आणि ‘आपला हातच जड’ म्हणत गिटार कपाटावर ठेवायची, असं होतं. मित्रांनो, हात जड नसतो. तो गरजेपेक्षा जास्त हलत असतो, एवढंच.

सुरुवात पिकपासून करू. अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यात पिक धरा आणि टोक थोडंसंच बाहेर ठेवा. जास्त बाहेर राहिलं तर ते तारेत अडकतं. पातळ पिक तारेला लागून वाकते आणि सरळ व्हायला वेळ घेते, म्हणून वेगासाठी साधारण १ मिलिमीटर जाडीची बरी. ती तारेला अगदी सपाट न लावता किंचित तिरपी धरली की कडेवरून सहज घसरते. पकड पिक पडणार नाही इतपतच हवी. मूठ आवळली की मनगट आखडतं आणि वेग तिथेच संपतो.

आता हालचाल. एक घाव खाली, एक वर, असं आलटून पालटून वाजवायचं. सगळे घाव खालीच मारले तर वर येतानाची प्रत्येक हालचाल फुकट जाते. हे तत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. सतारीवर नखीच्या एका दिशेच्या घावाला ‘दा’, उलट दिशेच्या घावाला ‘रा’ आणि एकाच मात्रेत झटपट घेतलेल्या दोन्हींना ‘दिर’ म्हणतात. मसीतखानी गतीचे बोल बघा: दिर दा दिर दा रा दा दा रा. ‘दा’ला खाली आणि ‘रा’ला वर असं ठरवून हेच बोल गिटारच्या एका तारेवर वाजवा. तोंडाने बोल म्हटले की हात आपोआप मात्रेत राहतो.

वेग मोजूनच वाढवायचा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर घ्या, म्हणजे सेकंदाला चार घाव झाले. चारांतल्या पहिल्या स्वरावर किंचित जोर द्या. सगळे स्वर स्वच्छ आणि सारखे आले तरच चार-पाच ठोके वाढवा, बिघडले तर तेवढेच मागे या. १२० ठोक्यांपर्यंत पोचलात की सेकंदाला आठ घाव होतात. डावा हातही बघा. बोट पडद्यावर टेकणं आणि पिक तारेला लागणं एकाच क्षणी झालं नाही, तर वेग असूनही नुसती खरखर ऐकू येते.

खरी अडचण तार बदलताना येते. जाड तारेवर खाली घाव मारून शेजारच्या बारीक तारेवर वरचा घाव घ्यायचा, तर पिकला ती तार ओलांडून जावं लागतं. त्यापेक्षा खालीच जात राहून पुढची तार छेडली तर एक उडी वाचते. एका तारेवर तीन स्वर असले की खाली-वर-खाली आणि पुढच्या तारेवर पुन्हा खाली, हे छान बसतं. दोन्ही रीती शिकाव्यात, पण आधी एका तारेवरचा घाव पक्का करावा.

पिकने काय साधता येतं हे ऐकायचं असेल तर शेजारच्या आंध्र प्रदेशातल्या पालकोल्लूचे यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) ऐका. इलेक्ट्रिक मँडोलिनवर त्यांनी कर्नाटक संगीत वाजवलं. इतक्या वेगातही त्यांचा एकेक स्वर वेगळा ऐकू येतो.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. दुखायला लागलं की लगेच थांबा. ते सोसून वाजवण्यात कसलीही बहादुरी नाही, उलट स्नायूबंध सुजून महिनोन्‌महिने गिटार बंद पडू शकते. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं वाजवलेली जास्त कामाची. वेग हळूहळू येतो, पण असा आलेला टिकतो.