यंत्रगृहातील ध्वनी : मुद्रण आणि वाचन

कारखान्याच्या अंतर्भागात जाऊन तेथील आवाज टिपणे, म्हणजेच क्षेत्रीय ध्वनिमुद्रण, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला वरकरणी परके वाटेल. तथापि मुद्रित ध्वनी हीदेखील एक संहिता असते. तिला कर्ता असतो, दृष्टिकोन असतो आणि गाळलेल्या जागाही असतात. ही संहिता कशी वाचावी, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

चेन्नईच्या दक्षिणेस सिरुसेरी येथील सिप्कॉटच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानात सॉफ्टवेअर संकुलांच्या जोडीला डेटा सेंटरही उभी राहिली आहेत. संगणकांच्या रांगा, त्यांना थंड राखणारे पंखे व शीतयंत्रे आणि वीज गेल्यास चालणारी डिझेल जनित्रे असलेली ही वास्तू आजचा कारखानाच होय. येथे मुद्रण करू जाता प्रामुख्याने हाती येईल ती अखंड घरघर. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने रोहित्राच्या गुंजारवाचा मूळ स्वर तिच्या दुप्पट, १०० हर्ट्‌झचा असतो. पंख्याचा स्वर त्याच्या गतीवर व पात्यांच्या संख्येवर ठरतो. या ध्वनीत पाळी सुटल्याची खूण नाही. मुंबईच्या गिरणगावात भोंगा दिवसाचे भाग पाडत असे, आणि साचेखात्यात धोट्यांच्या आघातांखाली माणसाचा शब्द बुडून जात असे.

अशा आवाजांच्या मुद्रणाचे दोन मार्ग परिचित आहेत. झिगा व्हर्टोव्ह यांनी 'एन्थुझिअॅझम' (१९३०-३१) या चित्रपटात डॉनबास भागातील खाणी व कारखान्यांचे ध्वनी पंचवार्षिक योजनेच्या गौरवार्थ योजले. पिएर शेफर यांनी १९४८ साली आगगाड्यांच्या मुद्रित आवाजांतून संगीतरचना घडविली. तेथे ध्वनी आपल्या उगमापासून सुटा झाला. एका मार्गात ध्वनी पुरावा ठरतो, दुसऱ्यात तो संगीताचे द्रव्य होतो.

दोन्ही मार्गांत एक गोष्ट निसटते. मुद्रणयंत्रात पातळीचे स्वयंचलित नियंत्रण चालू असल्यास साचेखाते आणि निवांत दालन यांतील अंतर पुसट होते. मुद्रण काटेकोर असले तरी श्रोता आवाज कमी करू शकतो. आठ तास यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला ती मुभा नसते. शिवाय परक्या कानाला जो केवळ गोंगाट वाटतो, त्यात अनुभवी साचेवाल्याला बिघाडाची चाहूल लागते, तंत्रज्ञाला पंख्याचे झिजलेले बेअरिंग ओळखू येते. हे ऐकणे ध्वनिफितीत उतरत नाही. ते केवळ शब्दांत उतरते.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि तो ध्वनी संपला. मात्र मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली ग्रंथरूपात सिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात कामगारांची निवेदने टिकून राहिली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात संपानंतरच्या कुटुंबाची घुसमट आहे. हे शब्द हाताशी असल्यामुळेच जुन्या साच्याचा एखादा ध्वनिलेख आज अर्थपूर्ण होऊ शकतो.

सिरुसेरीच्या बाबतीत क्रम उलटा होण्याचा धोका आहे. तेथील यंत्रे चालू आहेत, त्यांचा आवाज टिपणे सोपे आहे. परंतु तो रोज ऐकणाऱ्यांची तमिळ, हिंदी वा अन्य भाषांतील निवेदने सोबत नोंदविली नाहीत, तर संग्रहात उरेल ती वाचक नसलेली संहिता. ध्वनिलेखाशेजारी निवेदन ठेवणे आणि ते भाषांतरित करणे हे काम ध्वनितंत्रज्ञाइतकेच तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचेही आहे.