शय्याव्रण, टाचेचे
शय्याव्रण, टाचेचे : अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीच्या टाचेवर सतत दाब पडून होणारा व्रण. टाचेच्या हाडावर स्नायूंचे आच्छादन नसते. पायाचा भार तेथे थोड्याशा क्षेत्रावर एकवटतो, केशवाहिन्यांतील रक्तप्रवाह खुंटतो आणि ऊतकमृत्यू होतो. पक्षाघात, मांडीचे हाड मोडणे आणि मधुमेहजन्य बधिरता यांत धोका विशेष असतो. सावळ्या त्वचेवर आरंभीची लाली सहसा दिसत नाही. म्हणून टाच रोज चाचपून ती उष्ण, कठीण वा पिलपिलीत लागते काय, हे पाहावे.

दाब पूर्णपणे काढणे हा मुख्य उपचार होय. पोटरीखाली लांबीच्या दिशेने उशी ठेवून टाच अधांतरी राखतात. गुडघा किंचित वाकलेला असावा. मऊ गादीने दाब कमी होतो, नाहीसा होत नाही. चक्राकार उशी कडेच्या ऊतकांवर दाब आणते. तेल लावून टाच चोळण्याची घरोघरची रीत मायेची खरी, पण दुखावलेल्या ऊतकास तिने अधिकच इजा होते.

उघडा व्रण लवण विद्रावाने धुऊन त्यावर ओलसरपणा टिकविणारी पट्टी बांधतात. मृत ऊतक एरवी काढून टाकतात. परंतु टाचेवरील कोरडी, घट्ट काळी खपली, भोवती सूज वा पू नसल्यास, तशीच राखतात, कारण ती खालील भागाचे नैसर्गिक आवरण असते. पावलावरील नाडी न लागल्यास रोहिण्यांतील रक्तप्रवाह तपासल्याखेरीज शस्त्र लावीत नाहीत; तो अपुरा असल्यास जखम भरत नाही. खपली ओली होऊन दुर्गंधी सुटल्यास मात्र शस्त्रक्रियेस विलंब करू नये. संसर्ग हाडापर्यंत जाऊन अस्थिमज्जाशोथ होतो.