मथळ्याने केलेली चकवाचकवी

स्वयंपाक्यांच्या घोळक्याला म्हणायचं ‘घाई’. पावा वाजवणाऱ्यांच्या ताफ्याला ‘गरिबी’, निरोप्यांच्या जथ्याला ‘तत्परता’, नन्सच्या समूहाला ‘अतिरेक’. इंग्रजीतले हे शब्द चारशेहून अधिक वर्षं समूहनामं म्हणूनच वाचले गेले.

ते आले १४८६ सालच्या एका ग्रंथातून. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स इथे ‘शाळामास्तर’ एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुद्रकाने तो छापला. विषय शिकार, ससाणे आणि कुळचिन्हं. त्यातल्या एका यादीवर मथळा होता पशुपक्ष्यांच्या कळपांचा आणि थव्यांचा. खाली दीडशेहून अधिक नोंदी, जवळजवळ सगळ्या ‘अमक्यांचा तमका’ अशा एकाच साच्यातल्या. पण पशुपक्ष्यांच्या या यादीत न्यायाधीश आणि स्वयंपाकी काय करत होते?

१८०१ साली जोसेफ स्ट्रटने इंग्रजांच्या खेळांच्या इतिहासात त्यातले शब्द कळपांची नावं म्हणून उतरवून घेतले. १९०६ साली कॉनन डॉयलच्या ‘सर नायजेल’मध्ये तरुण नायकाला तेच शब्द शिकारीचा धडा म्हणून शिकवले जातात.

तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, जॉन हॉजकिनने त्या मथळ्यालाच हात घातला. फिलॉलॉजिकल सोसायटीने छापलेल्या ‘प्रॉपर टर्म्स’ या प्रबंधात त्याने ही यादी आणि तशाच इतर जुन्या याद्या तपासल्या. निष्कर्ष यादीचा पायाच हलवणारा होता: यातले कितीतरी शब्द समूहांची नावं नव्हतेच. ते त्या त्या प्राण्याची किंवा माणसाची खूण सांगत होते. आवाज, खोड, काम.

या नजरेने पाहिलं की नोंदी बोलू लागतात. शिकाऱ्यांचा ‘ब्लास्ट’ म्हणजे रानात फुंकलेलं शिंग. न्यायाधीशांचं ‘सेंटेन्स’ म्हणजे त्यांनी सुनावलेली शिक्षा. बटलरांचा ‘ड्राफ्ट’ म्हणजे पिंपातून काढलेली दारू. ‘गॅगल’ हा हंसांचा कलकलाट, आणि तोच शब्द बायकांनाही लावलेला. ही थट्टा बोचरीच आहे. सगळी यादी मात्र कोसळली नाही. ‘बेव्ही’ हा स्त्रियांच्या आणि लाव्यांच्या मेळ्यासाठीचा खराखुरा समूहवाचक शब्द. खरी नावं, धंद्याच्या खुणा आणि निखळ टिंगल एकाच साच्यात ओतली गेली, म्हणून वेगळी ओळखू येईनात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘घाई’. समूहाचं नाव म्हणून ती नुसती गंमत. खूण म्हणून वाचली की सरदाराच्या वाड्यातली मुदपाकाची खोली उभी राहते: पंगत बसलेली, मांस अजून शिगेवर, दिवाणखान्यातून हाकांवर हाका. नाव नसलेल्या त्या माणसांची धांदल एका शब्दात टिकली आहे.

चुकीच्या वाचनालाही फळं आली. जेम्स लिप्टनने १९६८ साली ‘ॲन एक्झाल्टेशन ऑफ लार्क्स’मध्ये हा खेळ नव्याने रंगवला. यादीतला सिंहांचा ‘प्राइड’ तर आज प्राणिशास्त्रज्ञही सिंहांच्या कुटुंबगटासाठी वापरतात. न्यायाधीशांच्या ‘सेंटेन्स’ला तसं भाग्य लाभलं नाही. इंग्रजी न्यायालयात तो शब्द अजूनही शिक्षेचाच आहे.